बॉस्टनची चोपडी, १७७२ : मराठी अनुवादाच्या प्रकल्प नोंदी

९ सप्टेंबर २०२४

आजपासून या कामाची नोंदवही सुरू करते आहे. काम असे आहे : बॉस्टनच्या नगरसभेने २० नोव्हेंबर १७७२ रोजी मंजूर केलेला आणि सभेच्याच आदेशाने छापलेला वृत्तान्त संपूर्ण मराठीत आणायचा, त्याला लागतील तेवढ्या टिपा जोडायच्या आणि पुण्यातल्या एका लहान प्रकाशकाच्या हवाली करायचा. इतिहासकार या छापील वृत्तान्ताला थोडक्यात ‘बॉस्टन पॅम्फ्लेट’ म्हणतात. मी माझ्या नोंदींत त्याला ‘चोपडी’ म्हणणार आहे, कारण मुख्य मजकूर अवघा ४३ पानांचा आहे आणि तो ज्यांच्यासाठी छापला ती माणसे शेतकरी, कोळी, चांभार, दुकानदार अशी होती.

अमेरिकन क्रांती म्हटली की आपल्याकडे १७७६ चा जाहीरनामा आठवतो, नाहीतर डिसेंबर १७७३ मध्ये बॉस्टनच्या बंदरात फेकलेला चहा. पण चहा फेकण्यासाठी आणि जाहीरनामा लिहिण्यासाठी आधी गावागावांतली माणसे एकमेकांशी बोलू लागावी लागतात, आणि ते बोलणे ज्या कागदाने सुरू झाले तो कागद हा आहे. सभेने ६०० प्रती छापायचे ठरवले होते. त्यांतल्या आज ज्या उरल्या आहेत त्या ग्रंथालयांच्या कुलूपबंद दालनांत आहेत, आणि म्हणूनच, दुर्मीळ झालेला हा कागद निदान मजकुराच्या रूपाने तरी मराठी वाचकाच्या हाती पडावा, असे मला गेली कित्येक वर्षे वाटत आले आहे.

१४ सप्टेंबर

प्रसंग समजल्याशिवाय चोपडीचा सूर पकडता येणार नाही, म्हणून आज फक्त तो मांडून ठेवते.

१७७२ च्या शरद ऋतूत बॉस्टनमध्ये बातमी पसरली की मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायालयातील न्यायाधीशांचे वेतन यापुढे प्रांताची विधानसभा ठरवणार नाही. ते राजाकडून, म्हणजे वसाहतींकडूनच वसूल केलेल्या जकातीतून दिले जाईल. गव्हर्नर थॉमस हचिन्सन यांच्या वेतनाची व्यवस्था आधीच तशी झाली होती. ज्याच्या हातून पगार मिळतो त्याच्याकडे माणूस पाहतो, ही गोष्ट कळायला कोणाला कायद्याचे पुस्तक उघडावे लागत नाही. २८ ऑक्टोबरला नगरसभा भरली आणि तिने गव्हर्नरांना विचारले की ही बातमी खरी आहे का. त्यांनी सांगण्याचे नाकारले. मग सभेने विनंती केली की विधानसभा तरी ठरल्या दिवशी भरू द्यावी. तीही त्यांनी मान्य केली नाही, आणि असल्या गोष्टींत नगरसभेने पडूच नये असे सुचवले. २ नोव्हेंबरला सॅम्युएल अ‍ॅडम्स यांनी ठराव मांडला की २१ जणांची एक पत्रव्यवहार समिती नेमावी. तिने वसाहतवाल्यांचे हक्क ‘माणूस म्हणून, ख्रिस्ती म्हणून आणि प्रजा म्हणून’ मांडावेत, त्या हक्कांवर झालेल्या अतिक्रमणांची नोंद करावी, हे सारे प्रांतातल्या प्रत्येक गावाला आणि जगाला कळवावे, आणि प्रत्येक गावाकडून मोकळेपणाने उत्तर मागावे. जेम्स ओटिस समितीचे अध्यक्ष झाले.

ठरावाचे शेवटचे कलम, उत्तर मागण्याचे, मी वहीत दोनदा अधोरेखित केले आहे.

२७ सप्टेंबर

आज प्रत्यक्ष प्रत पाहिली. इथून तासाभरावरच्या एका ग्रंथालयात आधी लिहून वेळ घेतली होती. फेसाच्या उशीवर ठेवलेली चोपडी समोर आली तेव्हा पहिल्यांदा जाणवले ते तिचे हलकेपण. चिंध्यांपासून केलेला जाडसर कागद उजेडाकडे थोडा कलता केला की साच्याच्या तारांच्या बारीक रेषा दिसतात. पानाच्या पाठीवरून बोट फिरवायची परवानगी नव्हती, पण खिळ्यांचा दाब नुसत्या डोळ्यांनाही कळत होता. काही ओळींत अक्षरे कागदात रुतली आहेत आणि काही ठिकाणी शाई पुरी उठलेली नाही. माझ्या आजोबांचा मिरजेला छापखाना होता. घाईचे काम कसे दिसते हे मी लहानपणी तिथे पाहिले आहे, आणि इथेही तीच घाई ओळखू आली.

प्रत्येक पानाच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द छापलेला आहे, म्हणजे पाने लावताना चूक होऊ नये. ठरावीक पानांवर फर्म्याचे, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांच्या जुडीचे, अक्षर आहे. मुखपृष्ठावर दोन छापखान्यांची नावे आहेत : क्वीन स्ट्रीटवरचे ईड्स आणि गिल, आणि कॉर्नहिलवरचे टी. आणि जे. फ्लीट. पहिले दोघे ‘बॉस्टन गॅझेट’ छापत, फ्लीट बंधू ‘बॉस्टन ईव्हनिंग पोस्ट’. साल मुखपृष्ठावर नाही. ‘नगरसभेच्या आदेशावरून प्रसिद्ध’ हे शब्द मात्र आहेत. ही चोपडी कोणा एका लेखकाची नव्हे, ती गावाच्या ठरावाने निघालेली आहे, हे सांगणारी ती ओळ मराठीतही मुखपृष्ठावरच राहील.

५ ऑक्टोबर

शीर्षकाचा पेच. मूळ इंग्रजी शीर्षकात ज्यांच्या नावाने सभा भरते ते म्हणजे स्वतःच्या मालकीची जमीन असलेले आणि ‘इतर रहिवासी’. मोडी कागदपत्रे वाचणाऱ्या पुण्यातल्या एका मित्राने फोनवर तत्काळ शब्द सुचवला : मिरासदार. शब्द मोठा नेमका वाटला. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, ती सहजासहजी काढून घेता येत नसे, गावच्या कारभारात त्याच्या शब्दाला वजन असे. उलट उपरी कुळ आज या गावात तर उद्या त्या गावात. चार दिवस मी ‘मिरासदार व इतर रहिवासी’ असेच लिहीत होते.

आज तो शब्द काढला. कारण ‘मिरासदार’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात आपोआप ‘उपरी’ उभा राहतो आणि दोघांमधली पायरी दिसू लागते. बॉस्टनच्या सूत्रात या दोन्ही वर्गांना एकाच दमात, एकाच सभेत बसवले आहे. मतदानासाठी मालमत्तेची अट तिथेही होतीच, आणि ते टिपेत सांगेन. पण शीर्षकात जे एकत्र आहे ते मी शब्दाच्या जोरावर वेगळे करणार नाही. ‘जमीनमालक व इतर रहिवासी’ हेच कायम. मिरासदाराची चर्चा टिपेत जाईल, कारण ती तुलना वाचकाला नक्कीच काही देते.

‘हक्क’ की ‘अधिकार’ यावर फार वेळ गेला नाही. अधिकार खुर्चीबरोबर येतो आणि खुर्चीबरोबर जातो. हक्क.

१९ ऑक्टोबर

पहिला भाग, वसाहतवाल्यांच्या हक्कांचा, आज पुरा झाला. हा भाग अ‍ॅडम्स यांच्या हातचा मानला जातो. जगण्याचा हक्क, स्वातंत्र्याचा हक्क, मालमत्तेचा हक्क, आणि या तिन्हींचे शक्य त्या सर्वोत्तम मार्गाने रक्षण करण्याचा हक्क, अशी मांडणी इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या आधाराने केली आहे. वाक्ये लांब आहेत, पण गुंतागुंतीची नाहीत. सभेत मोठ्याने वाचली जाणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक असावे, असे त्यांच्या चालीवरून वाटते. म्हणून मी प्रत्येक परिच्छेद मोठ्याने म्हणून पाहते आहे, आणि जिथे श्वास चुकीच्या जागी तुटतो तिथे वाक्य पुन्हा बांधते आहे.

एक वाक्य दिवसभर मनातून गेले नाही. भीतीने, फसवणुकीने किंवा चुकून एखाद्याने आपला मूलभूत नैसर्गिक हक्क सोडून दिला, तरी विवेकाचा सनातन नियम तो त्याग रद्द ठरवतो. स्वातंत्र्य ही सर्वशक्तिमान ईश्वराची देणगी आहे, ती दुसऱ्याला देऊन टाकून स्वखुशीने गुलाम होणे माणसाच्या हातात नाही. हे वाक्य मी सहा वेळा लिहिले. ‘दास’ हा शब्द मी मुद्दाम टाळला, कारण मराठीत दास म्हटले की रामदास आणि दासबोध आठवतात आणि दास्यातही एक गोडवा येतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये आपल्या ग्रंथाला ‘गुलामगिरी’ हे नाव दिले आणि अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना तो अर्पण केला. अमेरिकेच्या या प्रश्नासाठी मराठीने शब्द तेव्हाच ठरवून ठेवला आहे. गुलाम.

याच भागात धार्मिक सहिष्णुतेचे कौतुक करता करता कॅथलिकांना तिच्यातून स्पष्टपणे वगळले आहे. कच्चा खर्डा वाचणारी माझी वसईची मैत्रीण त्या ओळीशी थांबली आणि तिने विचारले, “म्हणजे आम्ही यात नाही?” नाही. ती ओळ मी सौम्य केलेली नाही, आणि टिपेत तिचे समर्थनही केलेले नाही.

२६ ऑक्टोबर

एक चूक सापडली, ती नोंदवून ठेवते. घरी काम करताना मी यंत्राने वाचलेला मजकूर वापरत होते. त्या काळी शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये येणारा ‘स’ लांब, काठीसारखा छापत, आणि यंत्राला तो ‘फ’ वाटतो. ‘तोच’ या अर्थाचा शब्द त्यामुळे एका ठिकाणी ‘कीर्ती’ या अर्थाचा झाला होता, आणि मी त्यातून अर्थ काढून एक मोठे सुंदर वाक्य रचले होते. ते खोडले. आता प्रत्येक पान चित्राशी ताडून पाहिल्याखेरीज पुढे जाणार नाही.

१० नोव्हेंबर

दुसरा भाग : अतिक्रमणांची यादी. हा डॉ. जोसेफ वॉरन यांनी लिहिला असे मानतात. एकूण १२ कलमे आहेत. ज्या पार्लमेंटमध्ये आपला प्रतिनिधी नाही तिने आपल्यासाठी कायदे करणे, आपल्या संमतीवाचून कर बसवणे, ते वसूल करायला नवे अधिकारी नेमणे, शांततेच्या काळात सैन्य आणून ठेवणे, गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार, ज्युरीशिवाय चालणारी सागरी न्यायालये, अशी ती एकामागून एक येतात.

यांतली काही कलमे कायद्याच्या भाषेत आहेत आणि ती भराभर झाली. पण जिथे वॉरन घरात शिरतात तिथे मजकूर एकदम बदलतो. जकात अधिकाऱ्यांना झडतीचे सरसकट परवाने मिळाले आहेत, त्यामुळे आमची घरे, इतकेच काय आमच्या झोपण्याच्या खोल्यासुद्धा उचकल्या जातात, पेट्या, ट्रंका फोडल्या जातात, आणि हे करणारे लोक असे की शहाण्या माणसाने त्यांना घरगडी म्हणूनही ठेवू नये. त्याच रागाने पुढे लोखंड, टोप्या आणि लोकर येतात. इथल्याच जमिनीतले लोखंड, पण त्याच्या पट्ट्या पाडायची गिरणी नवी काढायची नाही. टोप्या एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात न्यायच्या नाहीत. लोकर नावेतून पलीकडच्या तीरावर नेणेसुद्धा गुन्हा. मीठ आणि कापूस यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला इथे टीप लागणार नाही.

यादीच्या मथळ्यासाठी ‘गाऱ्हाणी’ हा शब्द हाताशी होता. बोली, जिवंत, सगळ्यांना कळणारा. तरी तो मी घेतला नाही, आणि त्याचे कारण पुढच्या भागाशी जोडलेले आहे म्हणून इथे सविस्तर लिहिते. गाऱ्हाणे कोणापुढे तरी घालायचे असते. कोकणात ते ग्रामदेवतेपुढे घालतात, दरबारात ते सरकारपुढे घालत. ऐकणारा वर असतो आणि निवारण त्याच्या हातात असते. ही यादी मात्र राजासाठी नाही, पार्लमेंटसाठी नाही, गव्हर्नरांसाठी तर नाहीच नाही. ती शेजारच्या गावांसाठी आहे. ज्यांच्या हातात निवारण नाही, ज्यांच्यावर तेच अतिक्रमण झाले आहे, अशांना ती वाचून दाखवायची आहे. म्हणून ‘हक्कांवरील अतिक्रमणांची व पायमल्लीची यादी’ असा थोडा जड मथळा ठेवला.

२४ नोव्हेंबर

तिसरा भाग, म्हणजे गावांना लिहिलेले पत्र, पुरे झाले. हा भाग डॉ. बेंजामिन चर्च यांच्याकडे होता. पुढे १७७५ मध्ये हेच चर्च ब्रिटिशांना सांकेतिक लिपीत माहिती पुरवताना पकडले गेले, आणि वॉरन त्याच वर्षी १७ जूनला बंकर हिलच्या लढाईत मारले गेले. एकाच चोपडीत एकापाठोपाठ एक बसलेल्या या दोन हस्ताक्षरांकडे ते जाणून पाहणे मला जड गेले, आणि तरीही चर्च यांच्या पत्राला मी त्या माहितीची सावली पडू दिलेली नाही. १७७२ च्या नोव्हेंबरात ते पत्र सभेने ऐकले आणि आपले म्हणून स्वीकारले. त्याचा अनुवाद त्या दिवशीच्या कानांनी व्हायला हवा.

फॅन्युइल हॉलमध्ये २० नोव्हेंबरला जॉन हॅन्कॉक अध्यक्षस्थानी होते. तिन्ही भाग वाचले गेले, मंजूर झाले, आणि प्रत्येक गावच्या निवडलेल्या पंचांकडे एकेक प्रत पाठवायची असे ठरले. चोपडीवर नगरसभेचे चिटणीस विल्यम कूपर यांची साक्ष आहे.

पत्राचा सूर बरोबरीचा आहे. आम्ही आमचे म्हणणे मांडले आहे, ते बरोबर आहे असे तुम्हाला वाटते का, आमच्याकडून काही राहिले आहे का, तुमच्या गावाचे मत काय, ते मोकळेपणाने कळवावे. मराठीत अशा पत्राला ‘आपण’ म्हणावे की ‘तुम्ही’, यावर मी आठवडा घालवला. ‘आपण’ने अंतर येत होते आणि वाक्य पुन्हा अर्जासारखे वाकत होते. ‘तुम्ही’ ठेवले. अर्ज खालून वर जातो; हे पत्र आडवे, गावाकडून गावाकडे गेले आहे.

८ डिसेंबर

उत्तरांविषयीची टीप लिहिली. प्रांतात गावे सुमारे अडीचशे होती, आणि पुढच्या काही महिन्यांत शंभरहून अधिक गावांनी सभा भरवून उत्तरे पाठवली. प्लिमथ, केंब्रिज, रॉक्सबरी, मार्बलहेड ही आधीच्यांपैकी. कित्येक गावांनी स्वतःची पत्रव्यवहार समिती नेमली. बॉस्टन समितीचे दप्तर आज न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयात आहे, आणि गावोगावच्या चिटणिसांनी लिहिलेली उत्तरे त्यात आहेत. चोपडी जपून ठेवली गेली हे भाग्याचे, पण चोपडीला आलेली उत्तरेही जपली गेली हे मला त्याहून मोलाचे वाटते, कारण बहुतेक छापील कागदांच्या बाबतीत वाचणारा काय म्हणाला ते कधीच हाती लागत नाही.

हचिन्सन यांनाही उत्तर द्यावेसे वाटले. ६ जानेवारी १७७३ रोजी विधिमंडळासमोर बोलताना त्यांनी सांगितले की पार्लमेंटची सर्वोच्च सत्ता आणि वसाहतींचे संपूर्ण स्वातंत्र्य यांच्यामध्ये आखता येईल अशी कोणतीही रेषा आपल्याला ठाऊक नाही. लोकांना घाबरवण्यासाठी म्हटलेले हे वाक्य पुढे लोकांनी शब्दशः खरे करून दाखवले.

५ जानेवारी २०२५

मुद्रकांवरची टीप लिहायला घेतली होती. दोन ओळींत आटपेल असे वाटले होते. तसे झाले नाही.

आयझाया थॉमस हे त्याच बॉस्टनमधले मुद्रक. त्यांनी १८१० मध्ये अमेरिकेतील मुद्रणाचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात फ्लीट यांच्या छापखान्याविषयी ते सांगतात की थोरल्या थॉमस फ्लीट यांच्याकडे एक गुलाम होता, तो लाकडी ठसे कोरत असे. घरातच जन्मलेली दोन मुले, पॉम्पी आणि सीझर, बहुधा त्याचीच, छापखान्यात खिळे जुळवायला आणि यंत्र चालवायला शिकली. थोरले फ्लीट वारले तेव्हा ती लहान होती, आणि पुढे फ्लीट बंधूंबरोबर त्याच छापखान्यात नेमाने काम करत राहिली, ती १७८० साली मॅसॅच्युसेट्सच्या नव्या राज्यघटनेने त्यांना स्वतंत्र करेपर्यंत.

म्हणजे १७७२ च्या नोव्हेंबरात, मुखपृष्ठावर ज्यांचे नाव आहे त्या कॉर्नहिलवरच्या छापखान्यात, हे दोघे गुलाम जुळारी होते. स्वखुशीनेही कोणाला गुलाम होता येत नाही, असे सांगणारी चोपडी त्या छापखान्याच्या नावाने बाहेर पडली. खिळे जुळवणारा माणूस मजकूर उलटा, अक्षराअक्षराने वाचतो. आजोबांच्या छापखान्यातले जुळारी सांगत की असा वाचलेला मजकूर विसरता येत नाही. मुद्रकांच्या टिपेत पीटर (ठसे कोरणारा तो गुलाम), पॉम्पी आणि सीझर फ्लीट ही नावे मालकांच्या नावांच्या आधी घातली आहेत.

१८ जानेवारी

त्या टिपेनंतर मी शोधत होते ते दोन कागद मिळाले. दोन्ही इतिहासकारांना चांगले परिचित आहेत, पण मराठीत आणले पाहिजेत.

पहिला ६ जानेवारी १७७३ चा, म्हणजे हचिन्सन बोलले त्याच दिवशीचा. बॉस्टन आणि इतर गावांतल्या अनेक गुलामांच्या वतीने गव्हर्नर आणि विधिमंडळ यांना केलेला अर्ज. खाली एकच नाव, फेलिक्स. त्यातल्या काही ओळी अशा : “आम्हाला मालमत्ता नाही. आम्हाला बायका नाहीत. मुले नाहीत. आम्हाला शहर नाही. देश नाही. पण स्वर्गात आमचा एक पिता आहे.” जगणे, स्वातंत्र्य, मालमत्ता हे तीन शब्द सहा आठवड्यांपूर्वी गावोगाव वाचले गेले होते. या ओळी वाचताना तेच शब्द एकेक करून नकारात ऐकू येतात. अनुवादात वाक्ये जोडायचा मोह झाला होता, जोडली नाहीत.

दुसरा कागद २० एप्रिल १७७३ चा, आणि तो छापील आहे. एकच पान. पीटर बेस्टेस, सॅम्बो फ्रीमन, फेलिक्स होलब्रुक आणि चेस्टर जोई या चार गुलामांनी सही केलेले हे पत्र विधानसभेतल्या गावोगावच्या प्रतिनिधींना पाठवण्यासाठी होते. सुरुवात अशी : “या प्रांताच्या विधिमंडळाने मागच्या अधिवेशनात स्वतःला गुलामगिरीतून सोडवण्यासाठी जे प्रयत्न केले, त्यांनी, त्याच शोचनीय स्थितीत असलेल्या आम्हाला, फार मोठे समाधान दिले.” आणि पुढे : आपल्याच बांधवांच्या गुलाम करण्याच्या बेतांविरुद्ध जे इतक्या उदात्तपणे उभे राहिले, त्यांच्याकडून आमची मोठी अपेक्षा आहे. काही जण याला टोमणा समजतात. मला ते पटत नाही. वाक्य पूर्ण गांभीर्याने लिहिले आहे. बोलणाऱ्याने ऐकणाऱ्याचे शब्द खरे मानले आहेत, आणि म्हणून त्यातून सुटका नाही. मागणी काय, तर आठवड्यातला एक दिवस स्वतःसाठी काम करू द्यावे, जसे स्पॅनिश लोक आपल्या गुलामांना करू देतात, म्हणजे पैसे साठवून स्वातंत्र्य विकत घेता येईल.

सह्यांच्या वर लिहिले आहे : या प्रांतातील आमच्या गुलाम बांधवांच्या वतीने, आणि त्यांच्या समितीच्या आदेशावरून.

समिती, छापील पत्र, गावोगावचा पत्ता. बॉस्टनने नोव्हेंबरात जी रीत काढली ती पाच महिन्यांत त्यांनी उचलली होती, ज्यांना ती पाठवलीच गेली नव्हती. माझ्या मते चोपडीला आलेल्या सर्व उत्तरांत हे उत्तर सर्वांत काळजीपूर्वक वाचून दिलेले आहे.

२ फेब्रुवारी

लंडनच्या आवृत्तीवरची टीप. बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा लंडनमध्ये होते. त्यांनी १७७३ मध्ये चोपडी तिथे पुन्हा छापवली आणि तिला स्वतः प्रस्तावना जोडली. इंग्रज वाचकापुढे ठेवताना त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे बोट दाखवले : वसाहतींनी करापायी चहा घेणे सोडल्यामुळे कंपनीच्या वखारी भरून राहिल्या आहेत. १७६७ पासून कंपनीने सरकारला दरसाल ४ लाख पौंड द्यायचे ठरले होते, आणि ते देणे तिला आता जड झाले होते.

इथे आपल्या वाचकासाठी दोन गोष्टी स्पष्ट करायला हव्यात. तो चहा हिंदुस्थानातला नव्हता. कंपनी तो चीनमधून कँटनहून आणत असे, आसामचे मळे पुढच्या शतकातले. आणि कंपनीच्या अडचणीचे दुसरे टोक आपल्याकडेच होते. ४ लाखांचा तो करार बंगालच्या दिवाणीतून येणाऱ्या वसुलीवर डोळा ठेवून झाला होता, आणि १७७० च्या भीषण दुष्काळात त्याच बंगालमध्ये माणसे उपासमारीने मेली. कंपनीला सावरण्यासाठी पार्लमेंटने १७७३ मध्ये चहाचा कायदा केला, आणि त्या चहाच्या ३४२ पेट्या १६ डिसेंबरला बॉस्टनच्या पाण्यात गेल्या. चोपडीच्या समितीतली माणसे त्या सगळ्या हालचालींच्या मध्यभागी होती. ही टीप लांबली आहे. प्रकाशकांनी कापायला सांगितली, मी नाही म्हटले.

२३ फेब्रुवारी

पहिली मुद्रिते आली. शब्दांचा मेळ तपासताना एक गंभीर विसंगती सापडली. चोपडीच्या मुखपृष्ठावर मी ‘नगरसभेच्या आदेशावरून प्रसिद्ध’ लिहिले होते, आणि एप्रिलच्या पत्राखाली, नंतरच्या कुठल्या तरी फेरीत, ‘त्यांच्या समितीच्या सांगण्यावरून’ झाले होते. मुळात दोन्हीकडे एकच शब्द आहे. नगरसभेचा तो आदेश आणि गुलामांच्या समितीचे ते सांगणे, असा भेद माझ्या हातून नकळत शिरला, आणि तो माझ्या कानाला खटकलाही नव्हता, याचे मला वाईट वाटले. दोन्हीकडे ‘आदेशावरून’ केले.

९ मार्च

एप्रिलचे पत्र परिशिष्टात शेवटी टाकावे असे प्रकाशकांचे मत होते. आज बोलून ठरले : ते चोपडीच्या तिसऱ्या भागाला, गावांना लिहिलेल्या पत्राला, लागूनच येईल, मधे कोरे पानही नको. त्या छापील पानावर प्रतिनिधीच्या गावाचे नाव हाताने भरायला जागा सोडलेली होती. मिळालेल्या प्रतीवर तिथे शाईने ‘थॉम्पसन’ लिहिले आहे. अक्षरजुळणी करणाऱ्या मुलीने ते नाव मजकुरात घेऊन ओळ पुरी केली होती, नीटनेटकी दिसावी म्हणून. तिला फोन करून समजावले. थॉम्पसन टिपेत जाईल. पानावर ‘प्रति, प्रतिनिधी, गाव’ एवढेच छापायचे, आणि पुढे दीड इंच जागा मोकळी सोडायची.